डोंगरपट्ट्यातला एक निवांत दिवस: बालाघाटावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पाऊस लागला की ओळखीच्यांचे मला फोन येतात. कुणीतरी डोंगरउतारावरच्या हिरव्यागार भातखाचरांचे फोटो पाहिलेले असतात आणि विचारणं असतं, ‘तुमच्या मराठवाड्यात असं काही आहे का गं? एक दिवस नुसतं गावागावांतून हिंडायचंय.’ मी आधीच सांगून टाकते, भाताची खाचरं पाहायची असतील तर मुळशी, भंडारदरा नाहीतर कोकण गाठा. आमच्या बालाघाटावर भात नाही, तेवढा पाऊसच पडत नाही. पायऱ्या मात्र आहेत. दगडाच्या पौळींनी, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या बांधांनी अडवलेल्या, एकीखाली एक उतरत गेलेल्या. पावसाळ्यात बाजरी, उडीद, तूर, सोयाबीन आणि हिवाळ्यात ज्वारी-हरभरा. त्या पायऱ्यांतून हिंडायला एक दिवस पुरतो आणि तो नीट घालवायचा तर थोडी तयारी लागते.

माझं माहेर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर. आता राहते शहरात, पण वर्षातून दोनतीनदा मैत्रिणींना, त्यांच्या मुलांना, कधी नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना तिकडं घेऊन जाते. त्यातून जे शिकले ते दिवसाच्या क्रमानं लिहिते आहे.

आधी डोंगर कसा आहे ते समजून घ्या

बालाघाट म्हणजे सह्याद्रीची पूर्वेकडं गेलेली फांदी. अहिल्यानगरच्या बाजूनं निघून बीड, धाराशिव, लातूरपर्यंत उतरत जाते. सह्याद्रीसारखे कडे-सुळके इथं शोधू नका. माथा सपाट, कडेला खोल दऱ्या आणि दऱ्यांच्या पोटात वाड्या. काळा बेसाल्ट खडक, त्यावर मुरूम आणि मुरमावर कुठं वीतभर तर कुठं दोन हात माती. बीडकडचे लोक गोदाकाठच्या काळ्या कसदार जमिनीला गंगथडी म्हणतात आणि आमच्या भागाला डोंगरपट्टा. या दोन शब्दांत अर्धा भूगोल आणि बराचसा अर्थव्यवहार येतो.

या डोंगरावर पडणारं पाणी वाटलं जातं. पाटोदा तालुक्यातच मांजरा उगम पावते आणि लातूर, बिदर करत तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीला मिळते. सिंदफणाही याच डोंगरातली, तीही गोदावरीची. पण सौताड्याला जो धबधबा कोसळतो तो विंचरणा नदीचा आणि विंचरणा जाते सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. एकाच माथ्यावर उभं राहून डावीकडचा ओहोळ गोदावरीचा आणि उजवीकडचा कृष्णेचा, असं बोट दाखवता येतं. मुलांना घेऊन गेलात तर हे आवर्जून दाखवा. आणि जिथं मांजरा एका उडीत ओलांडता येते तिथं त्यांना सांगा, की २०१६च्या उन्हाळ्यात याच नदीवरचं धनेगावचं धरण आटलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

पहिली पायरी: महिना ठरवा

तारीख सुट्टी बघून ठरवू नका. रानात काय उभं आहे ते बघून ठरवा.

हिरवं बघायचं असेल तर श्रावणाच्या मध्यापासून भाद्रपद संपेपर्यंत. बाजरी निसवलेली, म्हणजे कणसं बाहेर पडलेली असते, उडीद-मुगाच्या शेंगा तोडणं चालू असतं, पौळीपौळीतून पाणी पाझरत असतं. त्या दिवसांत एक शब्द लक्षात ठेवा: वाफसा. पावसानंतर माती इतपत सुकते की पाय रुतत नाही आणि ढेकूळही होत नाही, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. वाफसा नसताना काळ्या रानात पाय घातला तर बुटाला शेरभर चिखल चिकटतो, हे तुमचं नुकसान. तुडवलेली माती नंतर दगडासारखी आवळते, हे शेतकऱ्याचं नुकसान. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर रानात शिरूच नका. मुरमाड माथ्यावर फिरा, नाहीतर सरळ सौताडा बघा.

आश्विन-कार्तिक हा सीताफळाचा हंगाम. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळ कुणी न लावताही येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सकाळी फाट्यावर बायका पाट्या घेऊन बसतात. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढरट-पिवळ्या झालेलं फळ घ्या, ते दोन दिवसांत पिकतं. दाबून बघू नका, डाग पडतो आणि पुढचं गिऱ्हाईक ते घेत नाही.

माझ्या आवडीचा काळ मार्गशीर्ष-पौषाचा. ज्वारी हुरड्यात येते, हरभऱ्याला घाटे धरतात, करडई पिवळी होते, हवा कोरडी असते आणि दिवसभर चाललं तरी घाम येत नाही. थोडं पूर्वेला, लातूर-धाराशिवच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला वेळा अमावस्या असते. तिकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात असतात. कडब्याची कोप करून पूजा होते, भज्जी, उंडे, अंबील यांचं जेवण होतं आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. तुमची तिकडं कुणाशी ओळख असेल तर हा दिवस चुकवू नका.

फाल्गुनात पळस फुलतो, तेवढ्यासाठी सकाळची चक्कर चालेल. चैत्र-वैशाखात येऊ नका. पारा चाळिशीपार जातो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि ज्या घरी हंडाभर पाण्यासाठी माणूस खोळंबलं आहे तिथं तुम्ही तांब्याभर पाणी मागणं बरं नाही.

दुसरी पायरी: एकच खोरं निवडा

नव्या माणसाची चूक इथंच होते. सौताडा, कपिलधार, नायगावचं मयूर अभयारण्य, धारूरचा किल्ला, अंबाजोगाई अशी यादी करून एका दिवसात सगळं ‘कव्हर’ करायचं. दिवस मग गाडीतच जातो. एक मोठं ठिकाण आणि त्याच्या आसपासच्या दोन वाड्या, एवढंच पुरे.

पाटोदा तालुक्यात दोन सोयीच्या जागा आहेत. एक सौताडा: बीड-जामखेड रस्त्यालगत, दरीत रामेश्वराचं मंदिर, पावसाळ्यात धबधबा. श्रावणी सोमवारी गर्दी असते, तो वार सोडा. दुसरं नायगाव: इथं १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोर बघायचे तर सूर्य उगवताना तिथं असायला हवं. नऊ वाजता पोचलात तर फक्त केका ऐकू येतील. या दोन्हींपैकी एकाला जाऊन, मुख्य रस्त्यापासून दोनतीन किलोमीटर आत असलेली वाडी हेरायची. ज्या वाडीपर्यंत डांबरी आहे पण जिच्यापुढं रस्ता जात नाही, ती उत्तम. तिथं गाड्यांची ये-जा नसते आणि आलेल्या माणसाशी बोलायला माणसांना उसंत असते.

गाव, वाडी, वस्ती आणि तांडा यांतला फरकही माहीत असू द्या. गावाला वेस, चावडी, मारुती, ग्रामपंचायत. वाडी म्हणजे भावकीची पंचवीस-पन्नास घरं. वस्ती म्हणजे शेतातलं एखादं-दोन घरांचं बिऱ्हाड. तांडा बंजारा समाजाचा. त्यांची बोली वेगळी, सेवालाल महाराजांचं मंदिर असतं. तिथं ‘जय सेवालाल’ म्हणालात तर समोरच्याचा चेहरा उजळतो. बाकी सगळीकडं ‘राम राम’ चालतं. गळ्यात तुळशीमाळ दिसली तर ‘राम कृष्ण हरी’.

(बीडऐवजी छत्रपती संभाजीनगर जवळ असेल तर कन्नडजवळचं गौताळा आणि पितळखोऱ्याचा परिसर, नांदेड जवळ असेल तर माहूर-किनवटचे जंगलातले डोंगर. जागा वेगळ्या असल्या तरी पुढच्या पायऱ्या त्याच.)

तिसरी पायरी: आदली संध्याकाळ

बीडला किंवा पाटोद्याला मुक्काम करा. बीडला एसटी सगळीकडून आहे, आता अहिल्यानगरकडून रेल्वेही येते. स्टँडवर चौकशी खिडकीत दोन गोष्टी विचारायच्या: सकाळची पहिली गाडी आणि संध्याकाळची शेवटची गाडी. दुसरी जास्त महत्त्वाची. आत जाणाऱ्या गाड्या दिवसातून दोनतीनच असतात. काही गाड्या रात्री गावात मुक्कामी राहतात आणि पहाटे परत निघतात, तिला लोक ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. पहाटेच्या या गाडीत कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅनवाले, दवाखान्याला निघालेले म्हातारे असतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. फाट्यापासून आत टमटम किंवा काळीपिवळी मिळते, भरल्याशिवाय हलत नाही.

स्वतःची गाडी आणली तर ती गावाच्या अलीकडं, शाळेच्या नाहीतर मंदिराच्या मोकळ्या जागेत लावा. पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेत गाडी घातली आणि समोरून बैलगाडी आली तर मागं घेता घेता पुरेवाट होते.

पिशवीत थोडंच न्यायचं. दोन लिटर पाणी, टोपी किंवा पंचा, सुती पूर्ण पँट, घोटा झाकणारे जुने बूट, हाताला येईल अशी काठी, बॅटरी, सुटे पैसे. शिदोरीला दशम्या घ्या. दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. वेष्टनातली बिस्किटं नेलीत तर वेष्टन परत आणायला पिशवी न्या. गुरं प्लॅस्टिक खातात.

चौथी पायरी: सकाळी माथा, मग उतार

सूर्योदयाला माथ्यावर पोचा. तिथून खोऱ्याचा नकाशा उलगडतो: वाडीची कौलं आणि पत्रे, मारुतीचं शिखर, पाझर तलाव, आणि उतारावर आडव्या ओढलेल्या रेघांसारख्या पौळी. अर्धा तास नुसतं बसून बघा. या दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तोच.

आता खाली उतरून एका पौळीजवळ थांबा आणि ती कशी झाली ते नीट बघा. डोंगरउतारावर नांगर घातला की दगड वर येतात. दरवर्षी ते वेचून शेताच्या खालच्या कडेला रचतात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगडाचा टेकू. पहिल्या पावसात वरून वाहून आलेली माती त्या दगडांशी अडते आणि पाणी फटींतून निसटतं. पुढच्या वर्षी आणखी थोडी माती साठते, पौळ आणखी एक थर वर चढवतात. दहावीस वर्षांत जो उतार होता तिथं सपाट पायरी तयार होते. एका टोकाला मुद्दाम खाच सोडलेली असते, तो सांडवा. जोराचा पाऊस झाला तर जास्तीचं पाणी तिथून खालच्या रानात उतरतं. सांडवा बुजला तर अख्खी पौळ फुटते आणि वीस वर्षांची माती एका रात्रीत ओढ्याला जाते.

उभ्या पिकात याची खूण दिसते. भाद्रपदात एखाद्या पायरीवरची बाजरी वरच्या कडेपासून खालच्या कडेकडं बघत या. वर, जिथं माती वीतभर, तिथं ताट, म्हणजे बाजरीचं धाट, गुडघ्याएवढं. खाली, पौळीजवळ, तेच बियाणं डोक्याच्या वर गेलेलं. एकाच शेतात, एकाच पेऱ्यात. माझे आजोबा पौळ रचणाऱ्या माणसाला गवंड्यापेक्षा वरचा मानायचे. त्यांनी रचलेली एक पौळ अजून उभी आहे. तिच्यावर आता सीताफळाची तीन झाडं आहेत आणि प्रत्येक फेरीत मी तिथं थांबतेच.

माथ्याजवळच्या पडीक उतारावर तुम्हाला लांबच लांब आडव्या नाल्या दिसतील. ते सलग समतल चर, पावसाचं पाणी डोंगरातच जिरवण्यासाठी खणलेले. आणि खोऱ्यात जे जुने पाझर तलाव दिसतात त्यांतले कितीतरी १९७२च्या दुष्काळातले. तेव्हा शेतात काही पिकलं नव्हतं आणि गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, तलावावर माती टाकत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची लाल मिलो यांची आठवण आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. त्या अनुभवातूनच राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. तलावाच्या भिंतीवर एखादे बाबा गुरं राखत बसलेले भेटले तर विचारा, ‘बाबा, हा तलाव कधीचा?’ पुढचा तासभर तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.

बांधावरून चालायची रीत

चालायचं ते पाणंदीनं, गाडीवाटेनं किंवा बांधाच्या कडेनं. उभ्या पिकातून नाही, मग वाट कितीही लांबची पडो. पीक काढलेलं दिसलं तरी नुकतं पेरलेलं रान असू शकतं, आणि हरभरा उगवायच्या आधी तिथं काहीच दिसत नाही. पहिल्याच वर्षी माझ्यासोबतच्या सातजणी अशाच एका ‘रिकाम्या’ रानातून सरळ चालत गेल्या. वस्तीवरच्या आजी धावत आल्या. रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, ‘बाई, कालच पेरलंय.’ त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना आधी सांगते, की तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, बारीक समांतर रेघा दिसल्या म्हणजे ते रान भरलेलं आहे.

पौळीवर चढू नका, दगड सुटतो. बांधावरचा कुठलाही दगड उचलून इकडचा तिकडं ठेवू नका, तो हद्दीचा असू शकतो. बांधावरून भावाभावांत तीन-तीन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. फाटक किंवा काट्याची झाप उघडून आत गेलात तर जाताना तशीच लावा, नाहीतर जनावरं पिकात शिरतात.

बोरं, सीताफळं, शेंगा बांधावर लगडलेल्या असतात. माझे वडील सांगायचे, वाटसरूनं दोन खाल्ली तर मालकाला आनंद, पिशवीत भरली तर चोरी. माणूस दिसलं तर विचारून घ्या. बहुतेक वेळा ते ‘घ्या की, खा’ म्हणत स्वतःच ओंजळभर काढून देतात.

पाचवी पायरी: गावात शिरताना

दहाच्या सुमारास वाडीत या. सकाळची धांदल संपलेली असते. पहिल्यांदा मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या देवळाकडं जा, चप्पल काढून पाया पडा आणि पारावर टेका. कुणाच्या दारात थेट जाऊ नका. पारावर बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, ‘पाव्हणे, कोणत्या गावचे?’ इथं शहराचं नाव सांगून गप्प बसू नका. तुमचं मूळ गाव, तालुका, जिल्हा सांगा. मग समोरचा त्या तालुक्यातला आपला एखादा सोयरा शोधून काढतो आणि तुम्ही अर्धे ओळखीचे होता.

वयस्कर पुरुषाला बाबा, आबा, तात्या किंवा मामा. वयस्कर बाईला आजी किंवा मावशी. तुमच्या वयाची असेल तर ताई, वहिनी. ‘काका-काकू’ही चालतं, पण आमच्याकडं ‘मामा-मावशी’त माया जास्त. ‘अहो-जाहो’च ठेवा, ते तुम्हाला ‘ये-जा’ करायला लागले तरी.

चहा येणारच. पहिला चहा नाकारू नका. साखर नको असेल, पोट भरलं असेल, तरी ‘अर्धाच द्या’ म्हणा. दूध संपलेलं असेल तर काळा चहा येतो, डिकाशन, तोही आनंदानं घ्या. ज्या घरी चहा झाला त्या घराची चूल, जातं, कणगी, गोठा हे सगळं हळूहळू आपोआप दाखवलं जातं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबा, बोलावलं तर आत जा.

जेवायला थांबवलं तर थांबा, पण जेवणाची वेळ साधून जाऊ नका. काय मिळेल ते ऋतूवर. बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, पिठलं, येसराची आमटी, ठेचा, ताक. पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, घोळ यांच्या रानभाज्या. थंडीत हुलग्याचे शेंगुळे, करडईची कोवळी भाजी. भाजीला ‘कोरड्यास’ म्हणतात आणि कच्च्या भाजीपाल्याला ‘माळवं’, हे माहीत असलं म्हणजे ‘कोरड्यास काय करू?’ असं विचारल्यावर तुम्ही बावचळणार नाही. उष्टं टाकू नका, आधीच थोडं वाढून घ्या.

पैसे देऊ केले तर त्यांना वाईट वाटतं, आणि फुकट खाऊन निघालं तर तुम्हाला. याला एक चांगला उपाय मला सापडला आहे: त्यांच्याकडचं काहीतरी विकत घ्या. तुरीची डाळ, उडीद, ज्वारी, शेंगा, सीताफळं, तूप. ‘घरची डाळ विकायची आहे का हो मावशी?’ असं विचारलं की व्यवहार बरोबरीचा होतो. भाव करू नका. आणि लेकरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. पुढच्या पाव्हण्याच्या मागं ती हात पसरून धावतात, मी हे माझ्याच वाडीत पाहिलं आहे. निघताना ज्या घरी जेवलात त्या घरच्या लेकराच्या हातावर काही ठेवणं ही आपली रीत आहे, ती जरूर पाळा.

कुलूप लावलेली घरं

दिवाळीनंतर आलात तर वाडीत निम्म्या घरांना कुलूप दिसेल. ओट्यावर कडबा, अंगणात वाळलेली पानं, दारात एखादं उपाशी कुत्रं. नव्या माणसाला वाटतं गाव ओसाड पडलं. तसं नाही. माणसं ‘कारखान्याला गेलीत’. ऊसतोडीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या, भरणी, पालाच्या झोपडीत राहणं, आणि परत येणं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की, होळी-पाडव्याच्या आगेमागे. बीड जिल्ह्यातून जितकी माणसं जातात तितकी दुसरीकडून जात नाहीत. वीतभर मातीच्या ज्या पायऱ्या सकाळी पाहिल्या, त्यांच्यावर वर्षाचं पोट भरत नाही. कुलपांचं कारण तेच.

म्हणून हिवाळ्यात गावात तुम्हाला भेटतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेची लेकरं. त्यांच्याशी बोला, भरपूर बोला, त्यांनाही माणूस हवं असतं. पण लेकराला ‘आईबाबा कुठं आहेत? आठवण येते का?’ असं विचारू नका. माझ्यासोबतच्या एका बाईंनी प्रेमानंच विचारलं होतं. सात वर्षांचं पोरगं उत्तर न देता घरात गेलं ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आलं नाही. शाळा, कबड्डी, शेळीचं करडू, विषयांना तोटा नाही. कुलूपबंद घरांचे ‘सुंदर’ फोटो काढू नका. माणसांचे काढायचे तर आधी विचारा.

सहावी पायरी: दुपार

बारा ते साडेतीन काही करू नका. देवळाचा सभामंडप, निंबाची सावली, कुणाची ओसरी. गाव झोपतं तेव्हा आपणही पडावं. हुरड्याचे दिवस असतील आणि बोलावणं आलं असेल तर याच वेळेला रानात आगटी पेटलेली असते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे तोंडात. सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. चोळायचं काम एकटा यजमान करतो आणि पाव्हणे खात बसतात, असं होऊ देऊ नका. हात भाजतात, पण शिकून घ्या. तिकीट काढून होणाऱ्या हुरडा पार्ट्या आता ठिकठिकाणी आहेत. त्या वाईट नाहीत, पण आगटीभोवतीच्या गप्पा तिथं मिळत नाहीत.

या गोष्टींना हलकं घेऊ नका

शेततळी. डोंगरपट्ट्यात आता जागोजाग प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत. पाणी निळं, स्वच्छ दिसतं आणि मुलं धावतात. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावर जायचंच नाही. जुन्या विहिरींना कठडे नसतात, गवतात त्या दिसतही नाहीत, तेव्हा अनोळखी रानात मुलांना पुढं पळू देऊ नका. गवतानं झाकलेल्या समतल चरात पाय मुरगळतो, काठीनं चाचपत चाला.

पौळीच्या फटी म्हणजे साप-विंचवांची घरं. फटीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. घोणस, मण्यार, नाग तिन्ही या भागात आहेत. दंश झालाच तर माणसाला चालवू नका, जखम कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. लस तिथं असते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात. मराठवाड्यात दरवर्षी शेतात माणसं आणि जनावरं यात जातात. ढग दाटले की माथा सोडा, एकट्या झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या घरात जा. फोनवर ‘दामिनी’ ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलं आहे आणि जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं.

धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, बसलेला असेल तर मेंढ्यांच्या कळपात घुसू नका, त्यांची कुत्री राखणीची असतात. जागेवर उभं राहून मालकाला हाक मारा. अंधार पडायच्या आत डांबरीवर या.

निघताना

साडेतीनला उठून दुसऱ्या वाडीकडं चालायला लागा, शक्यतो ओढ्याच्या काठानं. ऊन तिरकं झालं की पौळींच्या सावल्या लांब पडतात आणि सकाळी सपाट वाटलेला उतार पायरी न् पायरी मोजता येतो. गुरं परतायची वेळ हीच. पाणंदीत समोरून कळप आला तर बाजूला बांधाला टेकून थांबा.

निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नका, ‘येतो’ म्हणा. शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधी फाट्यावर असा. गाडी चुकलीच तर दुधाचा टेम्पो किंवा टमटम बहुधा मिळते, हात करा आणि बसण्याआधी भाडं विचारून घ्या. थंडीच्या दिवसांत पायमोज्यांत कुसळं भरलेली असतात, ती फाट्यावरच वेचून काढा. गाडीत बसल्यावर फार टोचतात.

आणि फोटो. ‘पाठवतो’ असं सगळेच म्हणतात. गावात फोन आहेत, पण म्हातारीला फोनमधला फोटो दिसत नाही. घरी गेल्यावर दोनतीन फोटो कागदावर छापून घ्या आणि टपालानं पाठवा: नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड, हे निघतानाच लिहून घ्यायचं. पेरलेल्या रानातून आम्हाला हाक मारणाऱ्या त्या आजींना मी असा एक फोटो पाठवला होता. दोन वर्षांनी गेले तेव्हा तो देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावलेला होता, आणि त्यांनी मला बांधावरूनच ओळखलं.